एकट्याचं दुकान, एकट्याची तब्येत: दुकानदारांसाठी हेल्थ कोचिंग

या वेळच्या व्हिडिओत मार्जिन नाही, स्टॉक नाही, जीएसटी नाही. विषय आहे तुमची तब्येत. व्हिडिओत सगळं मावलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. धंद्याच्या चॅनलवर हा विषय कशाला, असं वाटत असेल तर आधी तेच सांगतो.

कैनाडपासून डहाणूपर्यंत रस्त्याला जी दुकानं लागतात ती डोळ्यांसमोर आणा. किराणा, हार्डवेअर, खत-बियाणं, मोबाईल रिपेअरिंग, कटलरी. बहुतेक ठिकाणी मालक, मॅनेजर, कॅशियर आणि वसुलीवाला हा एकच माणूस असतो. उधारी अर्धी वहीत, अर्धी डोक्यात. होलसेलवाला माल देतो तो त्याच्या तोंडाकडे बघून. दुकानाचा आगीचा विमा निघतो, गाडीचा निघतो. पण हा एक माणूस अर्धांगवायूच्या झटक्यानं तीन महिने अंथरुणाला खिळला, तर दुकान उघडतं का? डोक्यातली उधारी कोण मागणार? मुलांची फी, बँकेचा हप्ता, भिशी, सगळं त्या एका शरीरावर उभं आहे. म्हणून मी तब्येतीला धंद्याचंच खातं मानतो.

आणि आपला दिवस कसा जातो तेही बघा. सकाळी सातला शटर वर, रात्री दहाला खाली. मधले पंधरा तास गल्ल्यावर बसून. जेवण गिऱ्हाईक कमी होईल तेव्हा, म्हणजे कधी दोनला, कधी चारला. गिऱ्हाईक आलं की चहा, सेल्समन आला की चहा, कोणीच नाही आलं तर कंटाळा आला म्हणून चहा. रात्रीचं पोटभर जेवण साडेदहाला आणि लगेच झोप.

आता गंमत अशी की यात काय चुकतंय हे सगळ्यांना माहीत आहे. साखर कमी खा, चाला, तंबाखू सोडा, हे कुणी ऐकलेलं नाही? तंबाखूच्या पुडीवर तर चित्रासकट छापलेलं असतं, आणि ती पुडी आपणच विकतो. डॉक्टरही सांगतात. पण बाहेर रांग असते, त्यांच्याकडे दोन मिनिटं असतात. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला गर्दी ओसरल्यावर तुमचा हात फरसाणाच्या बरणीकडे जातो, तेव्हा डॉक्टर तिथे नसतात. सल्ला आणि सवय यांच्यामधली ही जी मोकळी जागा आहे ना, तिथे हेल्थ कोचिंग काम करतं.

हेल्थ कोच म्हणजे कोण? तो निदान करत नाही, गोळी देत नाही, गोळी बंदही करत नाही. तो विचारतो, ऐकून घेतो, तुमच्याकडूनच एक छोटं काम ठरवून घेतो आणि ठरल्या दिवशी परत विचारतो. यातलं शेवटचं काम मला सगळ्यात मोठं वाटतं.

दुकानदाराला हे समजायला अवघड नाही, कारण उधारी वसूल कशी होते ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. पैसे द्यायला हवेत हे गिऱ्हाइकाला माहीतच असतं. ते सांगून काही वसूल होत नाही. चारचौघांत अपमान केला तर तो दुसऱ्या दुकानात जातो. मग आपण काय करतो? "सगळे राहू द्या, या शनिवारी किती जमतील?" असं विचारतो. रक्कम त्याच्याच तोंडून येऊ देतो, वहीत लिहितो आणि शनिवारी आठवण करतो. पाचशे म्हणाला आणि दोनशेच आणले, तर दोनशे जमा करून घेतो आणि पुढची तारीख ठरवतो. हेल्थ कोचिंगही असंच चालतं. फक्त इथे उधारी आपल्याच शरीराची आहे.

हे खरंच चालतं का?

आकडे बघू. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचा निकाल छापून आला. या लोकांना मधुमेह नव्हता, पण साखर बॉर्डरवर होती. एका गटाला नुसती दिसायला गोळीसारखी गोळी, दुसऱ्याला मेटफॉर्मिन हे औषध, आणि तिसऱ्या गटात प्रत्येकाला एक लाइफस्टाइल कोच. पहिल्या सहा महिन्यांत कोचबरोबर सोळा धडे, नंतरही भेटी चालू. ध्येय दोनच: वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं. जवळजवळ तीन वर्षांनी पाहिलं तर औषधाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालं होतं. कोचच्या गटात ५८ टक्क्यांनी.

तुम्ही म्हणाल, तो अमेरिकेचा माणूस, त्याचं खाणं वेगळं, अंगकाठी वेगळी. बरोबर. म्हणून चेन्नईचा अभ्यास बघा. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमनं तो ५३१ जणांवर केला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला होता त्यांच्यात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांचा आहार-व्यायाम ठरवून देऊन पाठपुरावा केला, त्यांच्यात ३९ जणांना. यातली मला सर्वात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला. आपल्याकडे बारीक माणसालाही साखर निघते. "मी कुठे जाडा आहे?" म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

त्याच टीमनं २०१३ मध्ये आणखी एक निकाल दिला. ५३७ नोकरदार पुरुष, त्यातल्या अर्ध्यांना मोबाईलवर नियमित मेसेज. दोन वर्षांनी मेसेजवाल्यांत १८ टक्के जणांना मधुमेह झाला, बाकीच्यांत २७ टक्के जणांना. नुसत्या मेसेजवर एवढा फरक! आपण दिवाळीला पाचशे जणांना ऑफरचे मेसेज पाठवतोच की.

आणि कोच म्हणजे कुणी कोट घातलेला शहरी माणूसच हवा, असंही नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, ते गावानं निवडलेल्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांना तयार करून. त्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्या जामखेडला येऊन शिकायच्या, गावात जाऊन घरोघरी बोलायच्या, पुन्हा यायच्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांना हेल्थ कोच कुणी म्हटलं नाही, पण काम तेच होतं. आपल्या तालुक्यात तर त्याच्याही आधीचं उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला आलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. दुकानदार डॉक्टरकडे जायला वेळ काढत नसेल, तर बोलणंही गल्ल्यापाशीच व्हायला हवं.

बोलायचं कसं

माझं म्हणणं असं: पैसे देऊन कोच लावायची गरज नाही. शेजारच्या दोन-तीन दुकानदारांनी एकमेकांचं कोच व्हावं. पण त्याला एक पद्धत आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारू सोडवण्याच्या कामात ती १९८३ मध्ये मांडली, नंतर स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिचं सार एवढंच की माणसाला ढकललं की तो उलटा जोर लावतो, आणि बदलाचं कारण त्याच्या स्वतःच्या तोंडून आलं तर तो चालायला लागतो.

समजा, हार्डवेअरवाले दादा तुमचे जोडीदार आहेत. वय ४४. उपाशीपोटी साखर ११२ आली आहे. (उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टर नक्की करतात.) नेहमी आपण काय बोलतो? "दादा, चहा सोडा आता, नाही तर पाय कापावा लागेल." दादा हसतात आणि दोन कटिंग सांगतात. त्याऐवजी असं करून बघा:

"दादा, रिपोर्टबद्दल दोन मिनिटं बोललं तर चालेल का?"

"बोल की."

"डॉक्टरांनी जे सांगितलं त्यातलं तुम्हाला काय जमण्यासारखं वाटतं?"

"चालणं काय जमायचं नाही. दुकान कोण बघणार? चहाचं बघता येईल."

"चहा कमी करणं तुमच्या दृष्टीनं किती महत्त्वाचं? दहापैकी किती मार्क द्याल?"

"सहा."

"सहा का? तीन का नाही?"

इथे थांबायचं. गप्प बसायचं. हा प्रश्न उलटा वाटतो, पण मुद्दाम तसा आहे. "दहा का नाही" विचारलं तर माणूस अडचणी मोजतो. "तीन का नाही" विचारलं की कारणं सांगतो. दादा म्हणतील, "आमच्या वडिलांना साखर होती, शेवटी डोळ्यांनी दिसायचं नाही. पोरगी बारावीला आहे." हे तुम्ही सांगितलं असतं तर भाषण झालं असतं. त्यांनी सांगितलं, म्हणून ते त्यांचं कारण झालं.

मग पुढचं: "या आठवड्यापुरतं काय करायचं?" दादा म्हणतात, दहा कटिंगच्या पाच करतो. "हे होईलच असं किती मार्कांनी वाटतं?" उत्तर सातच्या खाली आलं तर काम लहान करायचं. पाच नको, आठ करा. किंवा कप तेवढेच, साखर अर्धी. ठरलेलं काम इतकं छोटं हवं की सांगताना जरा लाज वाटली पाहिजे. पुढच्या सोमवारी, दुकान उघडायच्या आधी, पाच मिनिटं भेट. दादा म्हणाले, "चारच दिवस जमलं," तर "तीन दिवस का चुकलं?" हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न, "चार दिवस कसं काय जमवलं?" त्यात उपाय सापडतो. कळतं की त्या चार दिवशी पाण्याची बाटली गल्ल्यावर भरून ठेवलेली होती.

दुकानदाराचा हिशोब

आपल्याला डाएट चार्ट कळत नाही, पण किलो आणि दिवस कळतात. म्हणून त्याच भाषेत करू.

एक चमचा साखर साधारण ५ ग्रॅम धरा. कटिंगमध्ये एक चमचा, दिवसाला दहा कटिंग, म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो, वर्षाला १८ किलो, फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाच्या खाण्यातली वरून घातलेली साखर दहा टक्क्यांच्या आत हवी. २,००० कॅलरी खाणाऱ्याला ते होतात ५० ग्रॅम. म्हणजे तुमचा कोटा चहातच संपला. बिस्कीट, कोल्ड्रिंक, सणाची मिठाई हे सगळं त्याच्या वर. निम्म्यानं जमलं तर अजून चांगलं, असंही ती संघटना सांगते.

मिठाचं तर तुमच्या वहीतच दिसेल. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ हवं. पाच माणसांच्या घराला दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी ४० दिवस पुरली पाहिजे. तुमच्या घरात किती दिवस पुरते? आठवून बघा. आणि यात पापड, लोणचं, फरसाण आणि खारवलेली सुकी मासळी धरलेलीच नाही. आपल्या किनाऱ्याला पावसाळ्यात सुक्या मासळीशिवाय जेवण होत नाही, ती सोडा असं मी म्हणणार नाही. खारवलेली असेल तर शिजवण्याआधी भिजवून पाणी टाकून द्या आणि त्या दिवशी पानात लोणचं-पापड नको. बीपीवाल्याला एवढ्यानंही फरक पडतो.

चालायचं १५० मिनिटं, आठवड्यात, तुकड्यातुकड्यानं चालतं. सकाळी शटर उघडण्याआधी पंधरा मिनिटं आणि रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस धरले तरी हिशोब पुरा होतो. बिल लिहिताना उभं राहा. फरसाणाच्या बरण्या हाताशी असतील तर त्या गिऱ्हाइकाच्या बाजूला, तुमच्यापासून लांब ठेवा. डिस्प्लेचा नियम आपल्याला माहीतच आहे: जे हाताशी असतं तेच उचललं जातं. तो नियम मालकालाही लागू होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. हा सल्ला गल्ल्यावर बसणाऱ्याचा आहे. समोर गिऱ्हाईक म्हणून आलेल्या, दिवसभर भातलावणी करून किंवा वीटभट्टीवर राबून आलेल्या बाईला "रोज चाला, कमी खा" सांगणं ही चेष्टा आहे. तिला पोटभर, डाळ-अंडं-मासळीसकट जेवण हवं आणि रक्त तपासून हवं. माणूस बदलला की सल्ला बदलतो. म्हणूनच आधी विचारायचं आणि मग बोलायचं.

मोजायचं कुठे

सुरुवात कंबरेपासून. टेप बेंबीच्या पातळीवर. पुरुष ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाई ८० च्या वर असेल तर सावध. आशाताई तिशीच्या वरच्या लोकांचा एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला आजार यांना गुण असतात. बेरीज ४ च्या वर गेली की तपासणीला आधी पाठवतात. दुकानदार बहुतेक वेळा "नंतर या, आता गिऱ्हाईक आहे" म्हणून आशाताईंना परत पाठवतो. कृपा करून तसं करू नका. त्यांना बसायला स्टूल द्या, पाच मिनिटांचं काम आहे. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी आणि साखर मोफत बघतात.

आपल्या पालघर जिल्ह्यासाठी खास एक सूचना. इथे सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक आहेत. अशा माणसाची तीन महिन्यांची सरासरी साखर, ज्याला लॅबवाले एचबीएवनसी म्हणतात, ती चुकीची दिसू शकते, कधी खऱ्यापेक्षा कमी. रक्त खूप कमी असेल तरी तो आकडा गंडतो. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर बघून घ्या.

तंबाखूवर वेगळा भाग करणार आहे, तरी थोडं सांगतो. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. यात दात घासायची मिश्रीही येते, आणि ती घेणाऱ्या बाईला विचारलं तर ती सांगते, मी तंबाखू खात नाही. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे. तिथे फोनवर जे बोलतात ते कोचिंगच असतं: तारीख ठरवून घेतात आणि नंतर परत फोन करतात.

कुणापासून लांब राहायचं

आता तुम्हाला "हेल्थ कोच", "वेलनेस कोच" असे बोर्ड जागोजागी दिसतील. डॉक्टरच्या बोर्डामागे नोंदणी असते. हा बोर्ड कुणीही लावू शकतो. माझी कसोटी एकच आहे: पहिल्या भेटीत त्यानं तुम्हाला प्रश्न जास्त विचारले की डबा जास्त दाखवला? पावडरचा डबा घ्या, मग तुमच्या हाताखाली चार जण जोडा, कमिशन मिळेल, असं बोलणं सुरू झालं की ते साखळी विक्रीचं काम आहे. दुकानदारांना यात मुद्दाम धरतात, कारण आपल्याकडे गिऱ्हाईक तयार असतं. तुमच्या शब्दावर माल घेणारं गिऱ्हाईक पाचशेच्या कमिशनसाठी घालवू नका. आणि "आमचं सुरू करा, बीपीची गोळी बंद करा" म्हणणारा कुणीही असो, त्याला दुकानातूनच वाटेला लावा.

जोडीदार म्हणून तुमचीही हद्द आहे. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा भरून येणं, अचानक तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, यातलं काही दिसलं तर बोलत बसायचं नाही. १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी, आणि थेट रुग्णालय. वाट बघितली की नुकसान वाढतं.

आता कामाला लागू. उधारीच्या वहीचं शेवटचं पान उलटं करून चार रकाने आखा: तारीख, ठरलेलं काम, किती दिवस झालं, पुढचं काम. पहिल्या ओळीत आजची कंबर लिहा. जोडीदाराचं नाव वर लिहा आणि त्याच्या वहीत तुमचं. भेटीचा वार दोघांनी ठरवा. बाजाराचा दिवस नको, मालाची गाडी येते तो दिवस नको. बारा आठवडे भरले की पुन्हा कंबर मोजा, बीपी-साखर तपासून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या भागात पावसाळ्यात ओल लागून खराब होणाऱ्या मालाचा हिशोब घेऊ.